टाकीवरचे पत्र्याचे फूल

मित्रांनो, मी ट्रक आहे, म्हातारा आहे आणि नटवा आहे. तिन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी तोंडावर हात ठेवून हसायला नको. माझे इंजिन बोटीने परदेशातून आले. केबिन आणि लाकडी धड पेशावरच्या अड्ड्यावर बांधले गेले. माझे दरवाजे देवदाराचे आहेत आणि त्यांवरची कोरीव वेलबुट्टी अजूनही बोटाला लागते. माझा पहिला मालक अल्लाला प्यारा झाला. आता त्याचा मुलगा मीर बादशाह मला चालवतो. नाव बादशाहाचे असले तरी त्याच्या राज्यात प्रजा म्हणून मी एकटाच आहे.

उमेदीच्या काळात मी काय वाहिले नाही? विटा वाहिल्या, टरबुजे वाहिली, संगमरवराच्या लाद्या वाहिल्या. एकदा तर एका लग्नघरचे अख्खे सामान पाठीवर घेतले होते. वर उलटी बांधलेली बाज होती आणि तिच्या पायांना धरून नवरीचा मामा बसला होता. मलाकंदचा घाट मी न थांबता चढत असे, तेव्हा मागचे नवे ट्रक जोरजोरात हॉर्न वाजवत. ते मला सलाम करतात असे मी समजत असे. त्यांना पुढे जायला वाट हवी होती हे मला फार उशिरा कळले.

पुढे माझा रंग उडाला. आमच्याकडे ट्रकचा रंग उडाला की लोक ड्रायवरला विचारतात, घरी सगळे ठीक आहे ना? उघड्याबोडक्या ट्रकवर कोणी माल चढवत नाही. मीर बादशाह दोन हिवाळे तसाच रेटत राहिला, आणि मग एक दिवस मला चित्रकार नादिर उस्तादकडे घेऊन गेला. मित्रांनो, ते दिवस मी विसरू शकत नाही. कपाळावर मोर आला, दोन्ही बाजूंना चिनाराची झाडे आली, चाकांभोवती साखळ्यांच्या झालरी आल्या. डिझेलच्या टाकीवर नादिरने निळे तळे काढले आणि तळ्यात बदकांची जोडी सोडली. ती बदके इतकी खरी होती की मीर बादशाहाने त्यांना बोट लावून पाहिले.

"हात लावू नकोस, ओली आहेत," नादिर ओरडला. "आणि ऐक, तुझ्या टोपणातून डिझेल झिरपतं. ते या बदकांवर ओघळलं, तर समज मेली बिचारी."

"मग झिरपणार नाही असं कर ना," मीर बादशाह म्हणाला. "माझ्या बदकांना काही झालं, तर मी तुझ्या दुकानापुढे येऊन बसेन आणि रोज तुझा चहा पिईन."

"तसली धमकी देऊ नकोस बाबा. करतो."

नादिरने ट्रकच्या जुन्या ट्यूबचा जाड वायसर कापला आणि टोपणाच्या आत घट्ट बसवला. टोपणावर चकचकीत पत्र्याचे फूल जडवले आणि फुलाच्या मधोमध लाल काच बसवली. मग टोपण आवळून तो म्हणाला, "आता थेंब काय, डिझेलचा वाससुद्धा बाहेर येणार नाही." मी लग्नातल्या नवऱ्यासारखा तिथून निघालो. वाटेत जो तो त्या फुलाकडे पाहत होता, आणि मी मुद्दाम त्या अंगाने जरा झुकूनच वळणे घेत होतो.

माझे दुखणे त्यानंतर लगेचच सुरू झाले. सपाटीवर मी ठीक असे. पण चढ लागला, पाठीवर वजन असले, की काही वेळाने माझा दम जाई. कोणी घशावर अंगठा ठेवून हळूहळू दाबत न्यावे, तसे मला वाटे. आधी ताकद कमी होई, मग इंजिन फडफडे आणि मग सारे गप्प. मीर बादशाह खाली उतरे, बॉनेट उघडे आणि माझ्या आईबापांचा उद्धार करी. थोडा वेळ उभे राहिले की मी पुन्हा चालू होई, आणि थोडे पुढे जाऊन पुन्हा बंद पडे.

फझल मिस्त्रीने मला पाहिले. "एअर धरलीय," असे सांगून त्याने फिल्टर बदलला, नळ्या आवळल्या आणि हातपंपाची दांडी मारून सगळी हवा काढली. माझ्या डिझेलच्या काट्याने मान टाकून कित्येक वर्षे झाली आहेत, म्हणून शेवटी त्याने टोपण उघडून टाकीत काठी बुडवून पाहिली. डिझेल होते. टोपण लावले, चावी फिरवली, आणि मी गरजलो. "बघितलंस? हात लागायला लागतो," असे म्हणून फझलने मिशीवरून हात फिरवला. आठवड्यात मी पुन्हा अडलो. मग त्याने डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा पडदा बदलला. मग नोझल काढून तपासले. दर वेळी शेवटी काठी बुडवली जाई, दर वेळी मी चालू होई आणि दर वेळी मिशीवरून हात फिरे. मलाही वाटे की मिस्त्रीच्या हाताला गुण आहे.

पण आजार जात नव्हता. फझल एक दिवस आवाज खाली आणून म्हणाला, "लाला, इंजिन थकलंय. माणूस थकतो, तसं." मीर बादशाहाने माझ्या दरवाजावरची धूळ बाहीने पुसली. त्या दिवसापासून मला चैन पडेना. दुखते कुठे ते मलाच समजत नव्हते, आणि समजले असते तरी सांगणार कोणत्या तोंडाने? माझ्याकडे फक्त हॉर्न आहे.

अशा अवस्थेत तोरगुल काका आमच्या आयुष्यात आले. ते मधमाशा पाळत. मूळचे जलालाबादकडचे, पण त्यांची दाढी इकडेच पिकली होती. त्यांच्या पेट्या उन्हाळाभर स्वातच्या डोंगरात असत आणि करकच्या माळावर बोरी फुलल्या की तिकडे जात. बोरीचा बहर थोडे दिवस टिकतो आणि वर्षाचा मध त्यावरच असतो. मधमाशांना दिवसा हलवता येत नाही. संध्याकाळी सगळ्या घरी परतल्या की पेट्यांची दारे बंद करायची, रातोरात न्यायचे आणि ऊन तापायच्या आत नव्या जागी दारे उघडायची. उशीर झाला तर बंद पेटीत उकाडा वाढतो, आतले मेण मऊ पडते आणि सगळे मोहोळ गुदमरून मरते. काकांचे जे काही होते ते सारे त्या पेट्यांत होते.

मीर बादशाह खरे बोलला. "काका, गाडी मध्येच अडते. दुसरा ट्रक बघा."

"दुसरा कोण देतो मला? मधमाशा म्हटलं की ड्रायवर अर्धा चहा टाकून पळतात."

"आणि मला चावल्या तर?"

"तुला कशाला चावतील? तू कधी गोड बोललायस का, की त्या तुझ्याकडे याव्यात?"

मीर बादशाह हसला आणि तयार झाला. वाटेत पंपावर थांबायला नको म्हणून त्याने माझी टाकी गळ्यापर्यंत भरली, टोपण दोन्ही हातांनी आवळले आणि वरून फडक्याने फूल पुसले. मी मात्र धास्तावलो. पोटभर डिझेल असले की माझे दुखणे लवकर उठे, हे मला अनुभवाने कळले होते. ते का, हे मला माहीत नव्हते.

सूर्य मावळल्यावर पेट्या चढल्या. प्रत्येक पेटीच्या दाराला जाळी होती आणि ती काकांच्या घरधनिणीने शिवलेली होती. निघाल्यावर मला माझ्या पाठीवर एक नवाच आवाज जाणवला. हजारो जीव एकदम गुणगुणत होते. माझे इंजिन एका लयीत चालले की तेही शांत राहत. म्हणून मी शक्य तितक्या हळुवारपणे चाललो होतो. इतका जिवंत माल मी पूर्वी कधी वाहिला नव्हता.

मलाकंदला मी पहिल्यांदा अडलो. इंजिन थांबताच वरची गुणगुण वाढली. काका एकेका पेटीला कान लावत फिरू लागले. मीर बादशाहाने फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारला, पण डिझेलचा फेससुद्धा आला नाही. तेव्हा त्याने पंपाकडची नळी सोडवली आणि तोंडाने टाकीकडे जोरात फुंकर घातली. टाकीत गडगड आवाज झाला. नळी जोडली, हातपंप मारला, आणि डिझेल सरसरून आले.

"कचरा होता काका, निघाला!" तोंडातले डिझेल थुंकत तो म्हणाला.

काकांचा फोन वाजला. "घरून आहे," ते म्हणाले. परक्यापुढे बायकोचे नाव घ्यायची आमच्याकडे रीत नाही. "हो. हो, चाललोय. मजेत आहेत सगळ्या." फोन ठेवून ते मीर बादशाहाकडे न बघता म्हणाले, "चल लवकर."

पेशावर मागे पडले. आम्ही कोहाटच्या घाटाला लागलो तेव्हा पूर्वेला उजाडत होते. निम्मा चढलो, तरी निम्मा घाट उरला होता आणि पुढे करकचा रस्ता. मी मनात एकच घोकत होतो, आता नको, इथे नको. पण घशावरचा तो अंगठा पुन्हा दाबू लागला. एका तीव्र वळणावर मी फडफडलो आणि उभा राहिलो. मीर बादशाहाने पुन्हा नळी सोडवून फुंकली. मी चार वळणे चढलो आणि पुन्हा बंद पडलो. तोवर ऊन डोंगरावरून उतरून थेट माझ्या पाठीवर आले होते.

मागे ट्रकांची रांग लागली. हॉर्न वाजू लागले. एक ड्रायवर शिव्या देत पुढे आला.

"रस्ता तुझ्या सासऱ्याचा आहे का?"

"मधमाशा आहेत वर," मीर बादशाह म्हणाला.

तो माणूस दोन पावले मागे सरकला आणि मग पळतच सुटला. थोड्याच वेळात ती सगळी रांग उलटी मागे जाऊ लागली. एरवी मला हसू आले असते. पण वरचा आवाज आता गुणगुण राहिला नव्हता. मधमाशा जाळ्यांवर धडका मारत होत्या. काकांनी प्यायचे पाणी पेट्यांवर शिंपडून संपवले. मीर बादशाहाने माझ्या रेडिएटरसाठी ठेवलेला डबा काढून त्यांच्या हातात दिला.

"गाडीला लागलं तर?" काकांनी विचारले.

"गाडीचं नंतर बघू. घाला तुम्ही."

पुन्हा फोन वाजला. काकांनी तो उचलला नाही. वाजून वाजून तो बंद झाला.

"काका, इथेच दारं उघडली तर?"

"उघडली तर त्या उडतील आणि परत कुठे येतील? घर कुठे आहे ते त्यांना जागा बघून कळतं. ही त्यांची जागा नाही." काका मागच्या रांगेकडे वळले. "मागच्या रांगेतल्या दोन पेट्या शांत झाल्यात रे. मला हा शांतपणा आवडत नाही."

मीर बादशाहाने पाना रस्त्यावर आपटला. दुसरे काही सुचेना, म्हणून तो टाकीचा तळ बघायला काठी घेऊन खाली वाकला आणि त्याने टोपण फिरवले. घाटात तेव्हा एकही गाडी नव्हती आणि कोणी मिस्त्री हातोडी मारत नव्हता. काका टाकीच्या बरोबर वर असलेल्या पेटीला कान लावून उभे होते.

"थांब!" काका ओरडले. "हा कसला आवाज?"

"कुठला?"

"टोपण काढलंस तेव्हा. काहीतरी आत ओढलं गेलं. सूं करून. बुडणारा माणूस वर आला की श्वास घेतो, तसं. आणि टाकीचा पत्रा वाजला. तिचं पोट आत गेलं होतं बघ."

"काका, तुमच्या माशांचं मला कळत नाही, तुम्हाला माझ्या गाडीचं कळत नाही. डोकं नका खाऊ."

"बंद पेटीचं मला कळतं. चालू कर गाडी. बघ होते का."

त्याने टोपण उघडेच ठेवून हातपंप मारला. डिझेल आले. हवा काढून चावी फिरवली, आणि मी चालू झालो. मग काकांनी तळहाताने टाकीचे तोंड दाबून धरले. मीर बादशाहाने गाडी जागेवरच उभी ठेवून इंजिन जोरात फिरवत ठेवले. मला पुन्हा तो अंगठा जाणवू लागला. काकांचा तळहात टाकीच्या तोंडाला चिकटला, आत ओढला जाऊ लागला. त्यांनी तो जोर लावून उचलला, आणि सूं आवाज झाला. आता मीर बादशाहानेही तो ऐकला.

त्याने टोपण हातात घेतले आणि उलटे केले. ट्यूबचा तो जाड वायसर त्याने नखाने उचकटला. खाली टोपणात एक बारीक भोक होते. वरून पत्र्याच्या फुलाने ते बुजले होते आणि खालून रबराने.

"माझा बाप," तो हळूच म्हणाला, "दर शुक्रवारी टाचणी घेऊन या भोकात फिरवायचा. मी त्याला चिडवायचो. म्हणायचो, बाबा, गाडीचे कान कोरताय का?" तो तिथेच रस्त्यावर बसला. "डिझेल खाली गेलं की वरून तेवढी हवा आत यायला पाहिजे. नाहीतर पंप ओढणार काय? टाकी भरलेली असली की आत हवा उरतेच किती? मीच याचं नाक दाबलं, काका. आणि फझलला मी सगळं इंजिन उघडायला लावलं; गाडी चालू व्हायची ती तो काठी बुडवायला टोपण उघडायचा म्हणून."

"नंतर रड. खिळा आहे का?"

खिळा होता. मीर बादशाहाने टोपण दगडावर ठेवले आणि फुलाच्या मध्यावर, त्या लाल काचेवर, खिळा टेकवला. क्षणभर त्याचा हात थांबला. मला माझे ते फूल किती आवडते हे त्याला ठाऊक होते, कारण त्यालाही ते तितकेच आवडत होते. मग त्याने दगड हाणला. काच फुटली, पत्रा फाटला, खिळा आरपार गेला. रबर त्याने दरीत फेकून दिले.

मित्रांनो, मी त्यानंतर जो घाट चढलो, तसा तरुणपणीही चढलो नव्हतो. फुटलेल्या फुलातून वारा आत येत होता आणि डिझेल पाटाच्या पाण्यासारखे वाहत होते. कोहाट गेले. करकच्या उघड्या रस्त्यावर ऊन चटके देत होते आणि मीर बादशाहाचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठत नव्हता. मला आता स्वतःची काळजी नव्हती. पाठीवर कुठे कुठे आवाज उरला आहे, एवढेच मी चाचपत होतो.

बोरीच्या रानात पोहोचलो तेव्हा काकांचे भाऊबंद धावत आले. पेट्या भराभर सावलीत उतरल्या, जाळ्या निघाल्या. बहुतेक पेट्यांतून माशा बाहेर आल्या, पण मागच्या उन्हाकडच्या रांगेतून आल्या नाहीत. काकांनी त्यातल्या एका पेटीचे झाकण उचलले. मेण वितळून खाली बसले होते. त्यांनी हात आत घातला आणि मूठभर मेलेल्या माशा बाहेर काढल्या. किती तरी वेळ ते ती मूठ तशीच धरून उभे होते. मग त्यांनीच फोन लावला.

"अगं, पोहोचलो." ते थांबले. "नाही, सगळ्या नाही आल्या. मागची रांग गेली." पलीकडचा आवाज मला ऐकू आला नाही. "नाही, बाकीच्या आहेत. जिवंत आहेत. तू रडू नकोस. तुझ्या जाळ्यांनी वाचवल्या गं बाकीच्या."

मीर बादशाह मान खाली घालून माझ्या चाकाला टेकला होता. जिवंत पेट्यांकडे बघून तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "काका, या उडत का नाहीत? समोर एवढी फुलं आहेत. आजारी पडल्या का?"

बाहेर आलेल्या माशा बोरीकडे गेल्याच नव्हत्या. त्या पेटीच्या दारात ओळीने उभ्या राहिल्या होत्या, तोंड आत करून, आणि जीव खाऊन पंख हलवत होत्या. रात्रभर त्याही कोंडून होत्या. त्यांनाही भूक होती, तहान होती.

काकांनी डोळे पुसले. "आतल्यांना वारा घालतायत," ते म्हणाले. "आतल्या सावरल्या की मग जातील कामाला."

मित्रांनो, मीर बादशाहाने मला जपले नाही, असे मी कधीही म्हणणार नाही. त्याने मला फार जपले. नादिरने जपले, फझलनेही आपल्या परीने जपले. पण मला हवा कुठून मिळते, हे मात्र कोणी विचारले नाही. तुमच्याही घरात तुमच्या जिवाचे कोणी तरी असेल, एखादे यंत्र असेल, एखादे जनावर असेल, एखादे माणूसही असेल. त्यांना सजवा, झाका, उन्हापावसातून वाचवा. पण झाकण आवळण्याआधी त्याला एक भोक आहे का ते बघा, आणि असेल तर ते आठवणीने साफ करत राहा. आमच्यातला कोणी वाटेत अडला, तर पाना आपटण्याआधी कान लावा. मागच्या रांगेतल्या त्या पेट्या मी रिकाम्याच परत नेल्या. सबंध परतीच्या वाटेवर मी एकदाही अडलो नाही, आणि मला त्याचे एवढेसेही सुख वाटले नाही.